वनमाला ऊर्फ शर्मिष्ठा

"चेंदवणकर, नावात काना चुकला की माणूस चुकला. फॉर्म परत. मग समोर तुमचे तीर्थरूप का उभे असेनात."

बँकेत लागल्याच्या पहिल्याच दिवशी माणिकराव साहेबांनी हे सांगितलं आणि मधुकर चेंदवणकरांनी ते गुरुमंत्रासारखं कानात धरून ठेवलं. साहेब निवृत्त झाले, मुलुंडची ती सहकारी बँक वातानुकूलित झाली, काउंटरची जाळी जाऊन काच आली. पण मंत्राचा जप काही थांबला नाही. सुयोग आणि सुयोगकुमार ही दोन वेगळी माणसं आहेत हे मधुकरराव खुद्द सुयोगकुमारालाच समजावून सांगत, आणि तिसऱ्या खेपेला तो बिचारा स्वतःही संशयात पडे. एका आजींना 'रुक्मिणी' आणि 'रुख्मिणी' यांच्यातलं अंतर कापायला चार महिने लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "देवानं पण कधी एवढं विचारलं नाही हो." मधुकरराव शांतपणे म्हणाले, "देवाकडे खातं उघडताना नसतील विचारत. इथे विचारतात."

अशी सत्तावीस वर्षं तपश्चर्या झाली. आणि तपश्चर्या फार झाली की देव परीक्षा घेतो, हे तर आपण सगळ्या कहाण्यांमधून ऐकलेलंच आहे.

जूनच्या एका संध्याकाळी ताटात चपाती वाढताना त्यांची पत्नी शर्मिष्ठा म्हणाली, "मी शिकायला जाणार आहे."

"काय शिकायला?"

"रुग्णसेवा सहायक. मुलुंडला केंद्र आहे, वर्षभराचा कोर्स. पहिल्या दिवसापासून वॉर्डात काम. दहावी पास लागतं, मी तर बारावी आहे. वयाची अट नाही, विचारून आले."

शर्मिष्ठा सत्तेचाळीस वर्षांची. मधुकररावांच्या आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा त्यांना कुशीवर वळवण्यापासून सगळं तिनंच केलं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले होते, "तीन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नाही, हे मी पहिल्यांदा बघतोय. नर्स कोण होती तुमच्याकडे?" मधुकरराव म्हणाले होते, "नर्स कशाला, घरचंच माणूस होतं." आपण बायकोचं कौतुक केलं असं त्यांना वाटलं होतं. तिनं ते वाक्य घडी घालून कुठेतरी ठेवून दिलं असावं.

मधुकररावांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि परवानगी दिली. ती कोणी मागितली नव्हती, पण त्यांनी दिली. वर म्हणाले, "कागदपत्रांचं तू बघू नकोस. ते खातं माझ्याकडे."

या ठिकाणी खरं तर एखादी म्हातारी यायला हवी होती, जी कहाणीत आडरानात भेटते आणि सावध करते. ती आली नाही. आले ते श्यामसुंदर.

श्यामसुंदर म्हणजे भांडुपच्या त्यांच्या 'पितृछाया' सोसायटीचे सेक्रेटरी. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. मागितल्यावर सल्ला दिला तर त्याची किंमत राहत नाही, म्हणून ते आधीच देत.

"वहिनी, या वयात? आणि ते काम म्हणजे, काय म्हणतात, बेडपॅन वगैरे?"

"वगैरे नाही काका. बेडपॅनच," शर्मिष्ठा हळू आवाजात म्हणाली. ती सगळंच हळू आवाजात म्हणायची. त्यामुळे लोकांना ऐकायला दोन क्षण आणि लागायला चार क्षण लागायचे.

"मला विचाराल तर झकास," तळमजल्यावर ब्युटी पार्लर चालवणारी शीतल म्हणाली. "फक्त सांगताना नर्सिंग सांगा ना वहिनी. सहायक नको. मी नाही का ब्युटी कन्सल्टंट सांगत? भुवयाच तर कोरते शेवटी."

"तसं काम चांगलंच," श्यामसुंदरांनी जरा माघार घेतली. "माझी बहीण पडली तेव्हा आम्हीही बाई ठेवली होती. फार केलं तिनं. देवासारखी."

"काय नाव तिचं?" शर्मिष्ठानं विचारलं.

श्यामसुंदर विचारात पडले. "नाव... आम्ही बाईच म्हणायचो."

पुढच्या सोमवारी मधुकररावांनी अर्धा दिवस रजा टाकली. पाच सवाष्णी बसवाव्यात तसे पाच झेरॉक्स संच मांडले, प्रत्येकावर स्वहस्ते क्लिप लावली आणि ते बायकोला घेऊन केंद्रावर गेले. खिडकीत रुचिरा नावाची मुलगी होती. वयानं त्यांच्या लेकीएवढी, श्रुतिकाएवढी, म्हणजे चोवीस वर्षांची. मधुकररावांनी तिच्याकडे वडीलकीच्या नजरेनं पाहिलं. मुलीनं संच चाळला आणि पहिल्याच पानावर तिचं बोट थांबलं. त्या बोटाचं थांबणं मधुकररावांना ओळखीचं वाटलं, पण आपण ते कुठे पाहिलंय ते लगेच आठवलं नाही.

"सर, फॉर्मवर आणि आधारवर शर्मिष्ठा मधुकर चेंदवणकर. दहावीच्या सर्टिफिकेटवर मेस्त्री वनमाला गुणाजी."

"ते माहेरचं नाव."

"आडनाव माहेरचं असतं ना सर. नाव कसं माहेरचं?"

"लग्नात बदललं. आमच्यात पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं."

रुचिरानं कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं, "त्या तांदळाचा काही पुरावा?"

पुरावा शर्मिष्ठाच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याची झेरॉक्स निघत नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी हॉलमध्ये तिच्यापुढे ताट आलं तेव्हा आपलं नाव काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. मधुकरनं कुणाला विचारलं नव्हतं. वनमाला हे नाव गावाकडचं वाटतं, बँकवाल्याच्या बायकोला जरा वजनदार नाव हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. ते इतकं वजनदार निघालं की 'ष्ठ' काढताना तांदूळ ताटाबाहेर सांडायला लागले. मागे पुढची पंगत खोळंबली होती. भटजी कानात म्हणाले, "नुसता ठ काढा, देव समजून घेईल." मधुकरनं नुसता ठ काढला नाही. अक्षराच्या बाबतीत तो तेव्हाही कडक होता.

"पुरावा कशाला, हे घ्या मॅरेज सर्टिफिकेट," मधुकररावांनी हुकमाचं पान टाकलं.

रुचिरानं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. "सर, यात वधूचं लग्नापूर्वीचं नाव शर्मिष्ठा गुणाजी मेस्त्री आहे. हा फॉर्म कोणी भरला होता?"

तो अर्थातच मधुकररावांनी भरला होता. एका दाखल्यावर एकाच बाईची दोन नावं बरी दिसत नाहीत, म्हणून त्यांनी लग्नाआधीही शर्मिष्ठाच लिहिलं होतं. टापटिपीची आवड. त्यामुळे कागदोपत्री अशी परिस्थिती होती की शर्मिष्ठा कधी शाळेत गेलीच नव्हती, ती थेट बोहल्यावर अवतरली; आणि वनमाला मेस्त्री बारावी पास होऊन त्यानंतर कुठे गेली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

"म्हणजे सर," रुचिरा अगदी आदरानं म्हणाली, "तुम्ही ज्यांच्याशी लग्न केलंत त्या दहावी पास नाहीत. आणि ज्या दहावी पास आहेत, त्या तुमच्या कोणी लागत नाहीत."

"अहो, समोर उभ्या आहेत ना या. याच त्या."

"सर, समोर तर कोणीही उभं राहतं. नावात तफावत आहे. एकतीस जुलैपर्यंत पुरावा आणा, नाहीतर पुढच्या वर्षी." आणि तिनं फॉर्म परत केला.

आता मधुकररावांना आठवलं, ते बोट कुठे पाहिलं होतं.

परतताना रिक्षात त्यांनी पाचही संचांच्या क्लिपा पुन्हा तपासल्या. शर्मिष्ठा म्हणाली, "पुढच्या वर्षी मी अठ्ठेचाळीस." तिनं तक्रार केली नव्हती, बेरीज केली होती.

त्या आठवड्यात 'पितृछाया'त विद्वत्सभा भरली. श्यामसुंदर म्हणाले, "सोपं आहे. वनमाला वारली असं दाखवा आणि शर्मिष्ठाला तिची वारस लावा." दहावी वारसाहक्कानं मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागलं. शीतल म्हणाली, "तुम्ही परत लग्न करा ना. या वेळी वनमालाशी." ती हसत होती, पण मधुकररावांनी दोन दिवस तो पर्याय मनातल्या मनात तपासला, मग पहिल्या बायकोशी घटस्फोट दाखवावा लागेल म्हणून सोडून दिला.

मग त्यांना सासऱ्यांची आठवण झाली. ज्यांनी मुलीला जन्म दिला त्यांनीच लिहून दिलं की वनमाला आणि शर्मिष्ठा एकच, तर प्रश्न मिटला. गुणाजी मेस्त्री म्हणजे गिरणी बंद पडल्यावर कणकवलीकडे परतलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानानं अधू पण जिभेनं ठणठणीत. मधुकररावांनी फोनवर सगळं समजावलं.

गुणाजींनी ते दोनदा परत सांगायला लावलं. मग गुणाजी म्हणाले, "जावयबापू, माका शर्मिष्ठा कोण म्हायत नाय. मी तुमका वनमाला दिलंय. ह्या शर्मिष्ठा तुम्ही खंयसून हाडलात?"

"अहो, तीच ती."

"तीच ती, तर मगे वनमालाक काय झाला होता? काय वाईट होता त्या नावात?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. मधुकररावांनी "रेंज जातेय" असं सांगून फोन ठेवला. शर्मिष्ठा ओट्यापाशी खोबरं किसत होती. फोन स्पीकरवर होता.

त्यानंतर दिंडोशीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका टायपिस्टकडून अ‍ॅफिडेव्हिट झालं. त्यानं पहिल्याच ओळीत 'वनमाला ऊर्फ शर्मिष्ठा' असं ठोकलं. 'ऊर्फ' हा शब्द फक्त फरार माणसांच्या नावात येतो, अशी मधुकररावांची पक्की समजूत. त्यांनी पर्यायी शब्द सुचवला, तेव्हा टायपिस्ट बाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हांला चालतं ना? नाव तुमचं आहे." शर्मिष्ठा म्हणाली, "चालतं." तिला ते नवऱ्याच्या मते जरा जास्तच लवकर चाललं.

रुचिरानं अ‍ॅफिडेव्हिट ठेवून घेतलं आणि म्हणाली, "छान. आता सोबत गॅझेट." नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद. ती ऑनलाइन करता येते.

"बाबा, मी भरते," श्रुतिका म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"सत्तावीस वर्षं फॉर्म तपासतोय मी."

"तपासताय. भरलेत किती?"

या वाक्यानंतर स्वाभिमानी माणसापुढे एकच मार्ग उरतो. मधुकररावांनी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, चष्मा पुसला आणि लॅपटॉपसमोर बसले. त्यांच्या बँकेच्या फॉर्मात वर सध्याचं नाव असतं आणि खाली दुसरं. हात त्या वळणाचा झालेला. वर त्यांनी सध्याचं नाव लिहिलं, खाली दुसरं. मग ते चार वेळा तपासलं. काना बरोबर, वेलांटी बरोबर, ष्ठ तर इतका सुबक की त्यांनी श्रुतिकाला बोलावून दाखवला. अक्षरं सगळी जागच्या जागी होती. फक्त माणसं नव्हती.

सत्तावीस जुलैला नोंद छापून आली, आणि ती सर्वांत आधी अर्थातच श्यामसुंदरांना सापडली. त्यांनी इमारतीच्या आवारात, गाड्या पुसणाऱ्यांच्या साक्षीनं, ती मोठ्यानं वाचली: "जुने नाव, शर्मिष्ठा मधुकर चेंदवणकर. नवीन नाव, वनमाला गुणाजी मेस्त्री." मग वर गॅलरीकडे पाहत म्हणाले, "मधुकरराव, काही झालंय का घरात?"

मधुकरराव खाली आले. कागद हातात घेतला. काना, मात्रा, वेलांटी सवयीनं पाहून झाल्यावर अर्थ वाचला आणि पार्किंगमधल्या कुणाच्या तरी स्कूटरवर बसले. शासनानं त्यांच्या बायकोचं नाव बदलून दिलं होतं. त्यातून त्यांनी ठेवलेलं नाव गेलं होतं, त्यांचं स्वतःचं गेलं होतं, आणि चेंदवणकरही गेले होते. बाई जशी लग्नाआधी होती तशी, जराही चुरगळलेली नाही अशी, परत निघाली होती.

रुचिराला मात्र तो कागद पाहून पहिल्यांदा हसू फुटलं. "आता बरोबर. दहावीला वनमाला गुणाजी मेस्त्री, गॅझेटमध्ये वनमाला गुणाजी मेस्त्री." तिनं शिक्का मारला, वेळापत्रक दिलं, पांढरा गणवेश दिला आणि फोटो लावलेलं ओळखपत्र खिडकीतून सरकवलं. "वनमाला मॅडम, चार ऑगस्टपासून या."

हाक दुसऱ्या कुणाला आहे का, हे बघायला तिनं मागे वळून पाहिलं नाही. लगेच "हो" म्हणाली.

पुढचे दिवस मधुकररावांना जड गेले. शीतलनं जिन्यात त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, सगळं ठीक ना? काही असेल तर सांगा, माझी एक क्लायंट वकील आहे." श्यामसुंदरांनी सोसायटीच्या नियमावलीत पाहून सांगितलं, की दारावरच्या पाटीवरचं एक नाव आता पाहुण्याचं ठरतं आणि पाहुण्याची नोंद रजिस्टरात करावी लागते. बँकेत तर मॅनेजरनंच बोलावलं. "चेंदवणकर, गॅझेट पाहिलं. तुमच्या जॉइंट खात्याच्या फॉर्मात दुसऱ्या नावात तफावत दिसतेय." तो फॉर्म परत करण्याचं काम ज्या टेबलाकडे होतं, तिथे मधुकररावच बसत. त्यांनी तो स्वतःला परत केला.

शनिवारी संध्याकाळी ते बायकोसमोर कागद घेऊन बसले. "दुरुस्ती टाकतो. महिनाभरात सरळ होईल."

"तोवर अ‍ॅडमिशन?"

"पुढच्या वर्षी. एका वर्षानं काय बिघडतंय?"

"काही नाही बिघडत," ती गणवेशाला इस्त्री करता करता म्हणाली. "मग दुरुस्तीच पुढच्या वर्षी करू. सव्वीस वर्षं तुम्ही ठेवलेल्या नावानं राहिले. एक वर्ष बाबांनी ठेवलेल्या नावानं राहते."

"लोक काय म्हणतील?"

"माझ्या वॉर्डातले लोक 'बाई' म्हणतील. त्यांना दोन्ही नावं चालतात."

मधुकररावांनी दुरुस्तीचा कागद बाजूला सारला. वेळापत्रक समोर पडलं होतं, ते त्यांनी नुसतंच तपासायला उचललं आणि त्यात त्यांना सापडलं. वॉर्ड, सकाळी सात.

"आणि तुझा नेम?" ते म्हणाले.

इस्त्री थांबली.

श्रुतिका पाच वर्षांची असताना तापानं आठ दिवस निपचित पडली होती. तेव्हापासून एकोणीस वर्षं शर्मिष्ठा रोज सकाळी पोटात काही न घालता, उतारावरच्या दत्तमंदिरातल्या औदुंबराला तांब्याभर पाणी घालत होती. घराच्या उंबऱ्यापासून पाणी घालेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. आजारी असली तर घरातल्या माणसानं घातलं तरी चालतं, असं गुरुजींनी सांगितलं होतं, पण ती आजारी पडायचीच नाही. मंदिराचं दार साडेसहाला उघडतं. सातला मुलुंडला गणवेश घालून, हजेरी लावून वॉर्डात उभं राहायचं तर सहाला निघायला हवं. श्रुतिकाची शिफ्ट साकीनाक्याला, ती त्याच्याही आधी बाहेर पडते.

तिनं मनातल्या मनात दोनदा हिशेब करून पाहिला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, अर्धा इस्त्री केलेला गणवेश घडी करून पिशवीत घातला आणि ओळखपत्र त्याच्यावर ठेवलं.

"खरंय," ती म्हणाली. "मग नाही जात. सोमवारी परत देऊन येते."

मधुकरराव जिंकले होते. एकाच वाक्यात, एकही कागद न जोडता. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं, म्हणून ते बरं वाटायची वाट पाहत बसले. ती स्वयंपाकघरात गेली. कुकर लावल्याचा आवाज आला. पिशवीतून ओळखपत्राची दोरी बाहेर लोंबत होती, आणि फोटोत ती सरळ समोर बघत होती. असा फोटो त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकही नव्हता. तिथल्या सगळ्या फोटोंत तिची नजर ताटातल्या तांदळांकडे होती.

"मी घालीन पाणी," ते म्हणाले. आवाज मोठा झाला, कारण कुकरची शिट्टी झाली.

ती दारात आली. "काय?"

"औदुंबराला. मी घालीन."

"चहा न घेता?"

"न घेता."

"वाटेत बोलायचं नाही."

"माहितेय."

"वर्षभर."

त्यांच्या तोंडून निघालं, "रविवारी...?"

"रविवारी पण."

"बरं," मधुकरराव म्हणाले. "वर्षभर. शब्द दिला." आणि पिशवीतून गणवेश काढून त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

सोमवारी ती सहाला निघाली. जाताना दारातून सांगितलं, "तांब्या गच्च भरू नका, उतारावर सांडतो." मधुकररावांनी आंघोळ केली, सोवळं म्हणून धुतलेलं धोतर नेसलं, जे नेसायची वेळ त्यांच्यावर मुंजीनंतर फारशी आली नव्हती, आणि तांब्या गच्च भरला. साडेसहाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. आता तोंड बंद.

जिन्यात शीतल भेटली. "अय्या, भावजी धोतरात. काय विशेष?" त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे शीतलला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

आवारात श्यामसुंदर हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. "मधुकरराव, हे काय? बँक सोडली की काय? की वनमालाबाईंनी कामाला लावलं?" मधुकररावांच्या तोंडात तीन उत्तरं एकदम आली. त्यांतलं एक तर नियमावलीच्या कलमासकट होतं. "नाही, सांगा तरी," श्यामसुंदर शेजारून चालू लागले. "माणूस विचारतोय. नाव चुकलं का माझं?"

मधुकररावांनी ओठ घट्ट मिटले, तिन्ही उत्तरं गिळली, आणि डचमळणारा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून ते फाटकातून बाहेर पडून उताराला लागले.